‘आपल्याकडे वंशवाद नाही, फक्त थट्टा आहे’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

“भारतात वंशवाद नाही, तो गोऱ्यांचा रोग. आपण ईशान्येच्या पोरांची थोडी थट्टा करतो, एवढंच,” असा एक लांबलचक मेसेज सध्या फिरतो आहे. परवा तो माझ्या भाचीच्या सोसायटीच्या ग्रुपवर पडला. पाठोपाठ तिथे चर्चा सुरू झाली, मणिपूरच्या दोन मुलींना रिकामा फ्लॅट भाड्याने द्यायचा की नाही याची. तिने तो पुढे पाठवून विचारलं, “यात खरं किती?” फार थोडं. आणि जे खोटं आहे, त्याने माणसांचं रोजचं नुकसान होतं, म्हणून हे सविस्तर उत्तर.

मेसेजचा पहिला मुद्दा, “वंशवाद हा शब्दच बाहेरून आलाय.” आपल्या संविधानाचा अनुच्छेद १५ काढून वाचा. धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान या कारणांवरून राज्य भेदभाव करणार नाही, असं तिथे लिहिलंय. वंश हा शब्द जातीच्याही आधी येतो. संविधान लिहिणाऱ्यांना हा धोका इथलाच दिसत होता. यावर अधिक लिहायची गरज नाही.

आता तो मुद्दा, ज्याने मला खरा संताप आला. “पोलिसांत तक्रारीच होत नाहीत, मग वंशवाद आहे कुठे?” तक्रार करायला गेलेल्या माणसाचं काय होतं, हे लिहिणाऱ्याने एकदाही पाहिलेलं नाही.

समजा, बसस्टॉपवर उभ्या असलेल्या आसामी मुलाला कोणी म्हणालं, “ए चिंकी, चायनाला परत जा.” मुलगा चौकीत गेला. ड्युटीवरच्या हवालदाराने कोणतं कलम लावायचं? भारतीय न्याय संहितेचं कलम ३५२, म्हणजे शांतताभंग व्हावा म्हणून केलेला अपमान, हे चटकन आठवतं. पण तो गुन्हा अदखलपात्र आहे, म्हणजे पोलीस स्वतःहून तपास सुरू करू शकत नाहीत असा. त्याची एनसी, म्हणजे नुसती अदखलपात्र नोंद होते, आणि फौजदारी कारवाईची पद्धत ठरवणाऱ्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७४ नुसार दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलीस तिचा तपास करू शकत नाहीत. मुलगा एनसीचा कागद घेऊन खोलीवर परततो आणि विषय तिथेच संपतो.

मग न्याय संहितेचंच कलम १९६ का नाही? त्यात वंशाचा उल्लेख आहे, गुन्हा दखलपात्र आहे, शिक्षा तीन वर्षांपर्यंत आहे. अडचण अशी की हे कलम दोन गटांत शत्रुत्व पसरवण्याबद्दल आहे. एकट्या माणसाला रस्त्यात हाक मारून केलेला अपमान त्यात बसवणं कठीण. बसवलाच, तर न्यायालयाने दखल घेण्याआधी सरकारची पूर्वमंजुरी लागते. कलम ७९ महिलांच्या विनयशीलतेचा अपमान झाला तरच लागतं, त्यामुळे इथे तेही नाही. म्हणजे जे घडलं, त्याला नेमकं बसेल असं कलमच नाही. हवालदार चांगल्या मनाचा असला तरी त्याच्या हाती फार काही नसतं. तक्रारी दिसत नाहीत याचं मोठं कारण हे आहे. आणि “वंशवाद नाहीच” हे जितकं जोरात म्हटलं जाईल, तितकं असं नेमकं कलम येणं लांबणीवर पडेल.

हे माझं एकट्याचं मत नाही. जानेवारी २०१४ मध्ये दिल्लीच्या लाजपतनगरमध्ये अरुणाचल प्रदेशच्या निडो तानिया या विद्यार्थ्याच्या केसांवरून दुकानात चेष्टा झाली, त्यातून मारहाण झाली आणि त्याचा जीव गेला. त्यानंतर केंद्राने एम. पी. बेझबरुआ यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. त्याच वर्षी जुलैमध्ये आलेल्या तिच्या अहवालाने नेमकी हीच पोकळी दाखवली. तेव्हाच्या दंड संहितेत १५३ क आणि ५०९ अ अशी दोन नवी कलमं घालावीत, वांशिक अपमान दखलपात्र आणि अजामीनपात्र करावा, तपास ६० दिवसांत आणि खटला ९० दिवसांत संपवावा, असं समितीने सुचवलं. डिसेंबर २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही अशा प्रकारांवर देखरेख ठेवणारी समिती नेमायला केंद्राला सांगितलं. १ जुलै २०२४ ला जुन्या दंड संहितेच्या जागी न्याय संहिता लागू झाली, तेव्हा कलमं नव्याने लिहायची संधी होती. पाच किंवा अधिक जणांनी वंशावरून केलेल्या हत्येसाठी कलम १०३(२) आलं. रस्त्यावरच्या शिवीसाठी काही आलं नाही. माणूस मेल्यावर कलम आहे, आणि ज्या शिवीपासून निडोच्या बाबतीत सुरुवात झाली, तिला नाही.

“चिंकी म्हटलं की पाच वर्षं तुरुंग, आता बोलायचीही सोय राहिली नाही,” हा पुढचा मुद्दा. यात अर्धं सत्य आहे, ते मान्य करतो. अॅट्रॉसिटी कायद्याच्या, म्हणजे अनुसूचित जाती-जमातींवरचे अत्याचार रोखणाऱ्या कायद्याच्या कलम ३(१)(आर) मध्ये सहा महिने ते पाच वर्षं शिक्षा आहे, आणि २०१२ मध्ये गृह मंत्रालयाने राज्यांना हा कायदा वापरायला सांगितलं होतं. पण अटी वाचा. अपमान झालेली व्यक्ती अनुसूचित जाती-जमातीची हवी, करणारी तशी नको, हेतू मानहानीचा हवा आणि घटना लोकांच्या नजरेसमोर घडलेली हवी. नागा, मिझो, खासी यांना हे संरक्षण आहे. मणिपूरमधले बहुतेक मैतेई आणि असंख्य आसामी लोक अनुसूचित जमातीत नाहीत, त्यांना ते नाही. शिवी मात्र चेहरा बघून दिली जाते, दाखला बघून नाही. आणखी एक गोष्ट, कारण इथे पोलीसही चुकतात. “तुमची जमात महाराष्ट्राच्या यादीत नाही” असं सांगून परत पाठवलं, तर ते बरोबर नाही. आपल्या राज्यात जमात अधिसूचित असलेल्या व्यक्तीला हे संरक्षण दुसऱ्या राज्यातही मिळतं, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने २०२३ मध्ये सांगितलं आहे.

“मद्रासी, भय्या असंही म्हणतातच की.” म्हणतात, आणि तेही वाईटच. पण त्या माणसाला तू या देशाचा नाहीस असं कोणी म्हणत नाही. मार्च २०२० मध्ये ईशान्येच्या लोकांना ‘कोरोना’ म्हणून हिणवणं इतकं वाढलं की गृह मंत्रालयाला राज्यांना पत्र लिहावं लागलं. ऑगस्ट २०१२ मध्ये हल्ल्यांच्या अफवा पसरल्यावर बंगळुरूहून गुवाहाटीला जादा गाड्या सोडाव्या लागल्या, आणि पुण्यातूनही लोक निघाले. आपल्याच शहरातून लोक जीव मुठीत धरून पळतात, त्याला थट्टा म्हणायचं?

मेरी कोम आणि मीराबाई चानू यांना डोक्यावर घेतलं, हा मुद्दा तर सोडूनच द्यावा. पदक मिळवल्यावर मान आणि फ्लॅट मागितल्यावर नकार, हीच तर तक्रार आहे. मान मिळवण्यासाठी कोणाला आधी ऑलिंपिकला जावं लागू नये.

“तिकडे जायला आपल्याला परवाना लागतो, मग खरे वंशवादी ते.” हा परवाना म्हणजे इनर लाइन परमिट, आणि त्याची मुळं १८७३ च्या ब्रिटिश नियमावलीत आहेत. आज तो अरुणाचल प्रदेश, नागालँड, मिझोराम आणि मणिपूर या चार राज्यांत लागतो. आसाम, मेघालय, त्रिपुराला जायला तो लागत नाही. छोट्या जमातींच्या जमिनी आणि वस्त्या टिकाव्यात, हे त्यामागचं आजचं कारण. महाराष्ट्रातही जमीन महसूल संहितेच्या कलम ३६ अ प्रमाणे आदिवासींची जमीन बिगर-आदिवासींना जिल्हाधिकाऱ्यांच्या मंजुरीशिवाय घेता येत नाही. त्याला आपण वंशवाद म्हणत नाही. पण एक गोष्ट नाइलाजाने का होईना, मान्य करायला हवी. तिकडेही बाहेरच्यांचा द्वेष आहे. मेघालयात ‘डखार’, म्हणजे बाहेरचा, हा शब्द टोचून म्हटला जातो, आणि १९७९ मध्ये शिलाँगमध्ये बंगाली कुटुंबांवर हल्ले झाले. ते चूकच होतं. त्याचा वचपा पुण्यात शिकणाऱ्या मुलीवर काढायचा, हे कुठलं न्यायाचं गणित?

राहिला स्वयंपाकाच्या वासाचा मुद्दा, कारण सोसायटीतली खरी कुरबूर तिथेच आहे. २००७ मध्ये दिल्ली पोलिसांच्या एका पुस्तिकेतही ईशान्येच्या विद्यार्थ्यांना बांबूचे कोंब आणि अखुनी यांसारखे वासाचे पदार्थ जपून करायला सांगितलं होतं. अखुनी म्हणजे काय? सोयाबीन उकडायचं, पानात बांधायचं, चुलीच्या उबेला काही दिवस ठेवून आंबवायचं आणि मग त्याचा गोळा चटणीत किंवा मटणात घालायचा. वास उग्र असतो, खोटं कशाला बोलायचं. तव्यावर सुकट टाकली की अख्ख्या जिन्यात कळतं, तितकाच. स्वयंपाकघरात एक्झॉस्ट फॅन लावा, दार लावून घ्यायला सांगा. पण जो नियम कराल, तो सुकटीलाही लागू हवा.

भाचीच्या सोसायटीने आता करायचं ते असं. भाडेकरूची पोलीस पडताळणी सगळ्यांची होते तशीच, त्याच फॉर्मवर. कोणाकडेही नागरिकत्वाचा वेगळा पुरावा किंवा पासपोर्ट मागायचा नाही. रात्री येण्याची वेळ, पाहुणे, डिपॉझिट यांचे नियम इतर भाडेकरूंइतकेच. वॉचमनला हे स्पष्ट सांगायचं, कारण पहिली अडवणूक गेटवरच होते.

आणि समोर कोणी अशा मुलीला शिवी देताना दिसलं, तर आधी त्या मुलीच्या शेजारी जाऊन उभे राहा, भांडण वाढवू नका. तिला विचारून व्हिडिओ घ्या. वेळ, जागा आणि दोन साक्षीदारांचे फोन नंबर लिहून ठेवा. ठाण्यात तिच्यासोबत जा. जबाबात “अपशब्द वापरले” एवढंच लिहू देऊ नका, जे शब्द उच्चारले गेले तेच जसेच्या तसे लिहायला लावा, नाहीतर वंशाचा संबंध कागदावर उरतच नाही. ती अनुसूचित जमातीची असेल तर तसं पहिल्याच ओळीत नोंदवा. घटना दुसऱ्या हद्दीत घडली, हे कारण चालत नाही. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे कुठल्याही ठाण्यात नोंद होते, आणि ऑनलाइन तक्रार दिली तर तीन दिवसांत जाऊन सही करायची. दखलपात्र गुन्हा असूनही नोंद नाकारली, तर तीच तक्रार लेखी स्वरूपात पोलीस अधीक्षकांकडे पाठवा, आणि तिथेही झालं नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे जा. एफआयआरची प्रत फुकट मिळते. ती हातात आल्याशिवाय ठाण्यातून उठू नका.