समुद्राला वेळ कळवून ठेवा

१५ ऑगस्टला चिकटून शनिवार-रविवार आले, की पुण्या-मुंबईहून कोकणात उतरण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू होतो. त्यात नारळी पौर्णिमा मागेपुढे असली, तर विचारायलाच नको. तीन दिवसांत आंबोलीचा धबधबा, एखादा गड, देवबागला डुंबणं, मालवणात स्कूबा आणि शेवटी सूर्यास्ताला गाडी थेट वाळूवर, एवढं सगळं बसवायचं असतं. बसतं की! फक्त पाऊस, डोंगर आणि समुद्र या तिघांना आपलं वेळापत्रक आधी कळवून ठेवायचं. त्यांचं विचारायला जायचं नाही.

विचारलं तर ते फार सहज मिळतं, अडचण तीच आहे. जिथे उतरला आहात त्या घराच्या ओटीवर कॅलेंडर टांगलेलं असतं. त्यातली तिथी घेऊन पाऊणपट केली, की पूर्ण भरतीचा तास निघतो. अष्टमीला आठाचे पाऊण म्हणजे सहा, तेव्हा भरती सहाला. पौर्णिमेला पंधराचे पाऊण सव्वाअकरा, म्हणजे भरती सकाळी आणि रात्री सव्वाअकराच्या सुमारास आणि ओहोटी संध्याकाळी साडेपाचच्या आगेमागे. वद्य पक्षात पुन्हा प्रतिपदेपासून मोजायचं. फरक पडला तर अर्ध्या-पाऊण तासाचा. ॲप नको, रेंज नको, शाळेतलं गणित पुरतं. पौर्णिमा-अमावास्येला उधाण म्हणजे मोठी भरती, अष्टमीच्या सुमारास भांग म्हणजे लहान भरती, हेही घरातली म्हातारी न विचारता सांगते. तुम्ही मान डोलावा आणि रूममध्ये एसी आहे का ते विचारा.

सुरुवात घाटापासून करू. आंबोली घाट उतरताना गाडी न्यूट्रलमध्ये टाका. पेट्रोल वाचतं, असं कुणीतरी काका सांगून गेलेले असतात. आजच्या इंजेक्शनच्या इंजिनात गाडी गिअरमध्ये ठेवून पाय ॲक्सिलरेटरवरून काढला, की उतारावर इंधनाचा पुरवठा आपोआप थांबतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला थोडं जळतच राहतं. म्हणजे पेट्रोल जास्त जातं आणि वजनाचा सगळा भार ब्रेकवर येतो. चार वळणांनंतर करपल्याचा वास आला, तर काच खाली करून ‘निसर्गाचा सुगंध’ म्हणून मुलांना दाखवा. धुक्यात चारही इंडिकेटर लुकलुकत ठेवून चालवा, म्हणजे तुम्ही वळताय की थांबलाय हे मागच्याला कळणार नाही. मग ऐन वळणावर थांबून कणीस घ्या.

आंबोलीत वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. हा आकडा ऐकून ‘वॉव’ म्हणायचं असतं. एवढं पाणी जातं कुठे, हा प्रश्न मनात येऊ द्यायचा नाही. ते कड्यावरून जातं. कावळेसादला वारा खालून इतका जोरात येतो, की पडणारं पाणी उलटं वर फेकलं जातं, आणि ते पाहण्यासाठी रेलिंग लावलेलं आहे. रेलिंगच्या अलीकडे सगळेच उभे असतात, त्यामुळे फोटोला वेगळेपणा येत नाही. पलीकडे जा. तिथलं गवत हिरवंगार असतं, त्याखालची माती महिनोन्‌महिने भिजून साबणासारखी झालेली असते आणि तिच्याखाली काय आहे ते धुक्यामुळे दिसत नाही. नवख्याला दृष्टीभय वाटू नये म्हणून निसर्गानेच केलेली सोय!

धबधब्यात उतरायचं तर अगदी धारेखाली, जिथे पाण्याबरोबर दगडही येतात. काठावरच्या माणसाने तीन गोष्टींकडे लक्ष ठेवायचं असतं: पाणी स्वच्छ होतं ते गढूळ होणं, काड्या-पाला वाहून येऊ लागणं, आवाज जड होणं. यातलं एक जरी झालं तरी वरच्या अंगाला जोरात कोसळतंय असं समजायचं आणि सामान सोडून बाहेर पडायचं. मिळाली तर काही मिनिटं मिळतात. म्हणून काठावर कुणालाच ठेवू नका. सगळे पाण्यात आणि स्पीकर मोठा. गुडघाभर पाणी आहे, काय होतंय, असं म्हणत राहा. वेगात असलेल्या गुडघाभर पाण्याला धडधाकट माणूस पाडायला शेवाळलेला एक दगड पुरतो.

आता गड. सिंधुदुर्ग जिल्ह्यातले सह्याद्रीतले गड पावसात निबिड असतात. मनोहर-मनसंतोषसारख्या ठिकाणी वाटा गवतात बुडालेल्या असतात आणि गुरांच्या वाटा त्यांना फाटे फोडत जातात. वाटाड्या घेतला तर तो नीट घेऊन जातो आणि नीट परत आणतो. मग सांगायला काय उरलं? त्याऐवजी मोबाइलवर कुणीतरी हिवाळ्यात नोंदवलेली वाट उतरवून घ्या. तिच्यावर ओढे दिसत नाहीत, कारण हिवाळ्यात ते नव्हते.

त्याहून सोपं म्हणजे साठ जणांच्या ग्रुपमध्ये पैसे भरणं. शुल्कात चहा, पोहे, प्रवास आणि प्रमाणपत्र असतं. राज्याचं साहसी पर्यटन धोरण २०२१ पासून आहे आणि त्यात आयोजकांनी नोंदणी करायची असते, पण नोंदणी आहे का असं विचारणं उद्धटपणाचं दिसतं. लीडर किती, प्रथमोपचार कुणाला येतो, शेवटचा माणूस कोण, किती वाजता जिथे असू तिथून मागे फिरायचं, यातलं काही विचारू नका. दोर मात्र बघून घ्या. गिर्यारोहणाचा दोर साडेदहा-अकरा मिलिमीटरचा, आत गाभा आणि वर विणलेलं आवरण असलेला, हाताला मऊ लागतो. तुमच्या लीडरकडे पिवळा, चकचकीत, ओला झाला की हातातून सटकणारा प्लॅस्टिकचा दोर असेल. तो बैलगाडीवरचा पेंढा बांधायला उत्तम असतो, आणि तुम्ही पेंढ्यापेक्षा फार जड नाही.

कपड्यांत जीन्स. भिजली की तिचं वजन वाढतं, मांड्या सोलवटतात आणि ती दोन दिवस वाळत नाही. पायांत गुळगुळीत तळव्याचे पांढरे बूट, कारण ते फोटोत उठून दिसतात. सह्याद्रीत फिरणारी मंडळी स्वस्तातले, खोल खाचांचे रबरी तळव्याचे बूट घालतात आणि ओल्या कातळावरून शक्यतो चालतच नाहीत, कडेच्या गवतातून जातात. पण ती मंडळी फोटोत अगदीच गावंढळ दिसतात.

आणि तो ओढा. सकाळी ओलांडताना घोट्याएवढा असतो. दिवसभर तुम्ही वर असता, पाऊसही वर असतो, आणि दोघंही संध्याकाळी एकाच वेळी खाली येता. तेव्हा तो कमरेएवढा असतो. पाऊस थांबला की अशा डोंगरी ओढ्याचं पाणी बऱ्याचदा दोन-चार तासांत उतरतं, म्हणजे काठावर बसून राहणं एवढंच काम असतं. पण बस सातची आहे. हात धरून साखळी करा. एकाचा पाय सुटला की सगळी साखळी जाते, यालाच टीम स्पिरिट म्हणतात. पाय मुरगळून कुणी बसला तर काळजी नको. स्ट्रेचर उचलायला एका वेळी सहा माणसं लागतात आणि दर काही मिनिटांनी खांदेपालट, म्हणजे अठरा-वीस. ती खालच्या वाडीतून येतील. भातलावणी नुकतीच उरकलेली असते, तेव्हा त्यांना तशी फुरसतच आहे.

दुसरा दिवस समुद्राचा. जलक्रीडा मेच्या अखेरीला बंद होतात त्या ऑगस्ट संपेपर्यंत बंदच असतात. ज्यांचं पोट समुद्रावर आहे, त्या मच्छीमारांनाही जून-जुलै बंदी असते, आणि जुनी माणसं नारळी पौर्णिमेला नारळ वाहिल्याशिवाय होडी लोटत नाहीत. तुमचं पोट समुद्रावर नसल्यामुळे हे नियम तुम्हाला लागू नाहीत. ‘डबल देतो’ म्हणा. कुणीतरी सापडतो, आणि अशा दिवसांत जो सापडतो तो निवडून काढल्यासारखा असतो: ज्याला बाकीचे होडीवाले बाजूला बसवतात तोच.

स्कूबाला सर्दी घेऊनच जा. पाण्यात पाच मीटर खाली गेलात की दाब दीडपट होतो आणि तो आधी कानाच्या पडद्याला जाणवतो. म्हणून दर अर्ध्या-एक मीटरला नाक चिमटीत धरून हलकेच फुंकायचं असतं, दुखायच्या आधी. सर्दीत नाकामागून कानाकडे जाणारी नळी चोंदलेली असल्यामुळे कितीही फुंकलं तरी उपयोग होत नाही, मग माणूस जोर लावतो आणि कान जन्माची आठवण ठेवतात. घाबरलात तर श्वास रोखून भसकन वर या. टाकीतली दाबाखालची हवा छातीत कोंडली की वर येताना ती फुगते, आणि फुप्फुसाला झाकण नसतं. श्वास सोडत सावकाश येणं हा भित्र्यांचा मार्ग झाला. पाण्याखाली काय दिसेल म्हणता? देवबागला समुद्राला मिळणाऱ्या कर्ली नदीचा पूर्ण हंगामाचा गाळ. स्वतःचा हात दिसला तरी पैसे वसूल.

लाइफ जॅकेट अंगावर घ्या, पण बकल लावू नका, फार करकचतं. बसलं की नाही बघायचं तर खांद्यांपाशी धरून वर ओढायचं. हनुवटीच्या वर सरकलं तर ते सैल. पाण्यात पडल्यावर जॅकेट तरंगेल आणि माणूस त्यातून खाली निसटेल. लहान मुलांना मोठ्यांचं जॅकेट घाला, पुढची तीन वर्षं पुरेल.

नुसतं पोहायचं असेल तर जागा नीट निवडा. दोन्हीकडे पांढऱ्या लाटा फुटताहेत आणि मध्ये दहा-वीस मीटरचा गडद, शांत पट्टा आहे, तिथेच उतरा. मुलांना घेऊन आलेली माणसं नेमकी तीच जागा हेरतात. लाटांनी किनाऱ्यावर आणून टाकलेलं पाणी परत जातं ते याच पट्ट्यातून, म्हणून तिथे लाट फुटत नाही. तिथल्या ओढीचा वेग सेकंदाला दोन मीटरपर्यंत जाऊ शकतो, ऑलिंपिकमधला पोहणारा जेमतेम तेवढा पोहतो. उतरला आहात त्या घराचा मालक सकाळीच म्हणाला होता, “आज पाण्याक ओढ आसा, उतरू नकात.” तुम्ही मालवणी किती गोड म्हणून व्हिडिओ काढलात. आता ओढीत सापडल्यावर थेट किनाऱ्याच्या दिशेने जीव खाऊन हात मारा. किनाऱ्याला समांतर वीस-तीस मीटर सरकलं की ओढ सुटते, किंवा नुसतं उताणं तरंगत राहिलं तर ती पुढे जाऊन आपोआप विरते, पण त्यात पुरुषार्थ नाही. काठावरच्या मित्राने लगेच मागोमाग उडी मारावी. गाडीत पाच लिटरचा रिकामा कॅन असतो, झाकण घट्ट लावून फेकला तर बुडणाऱ्याला धरायला पुरतो. तो मात्र गाडीतच असू द्या, उतरताना उसाचा रस भरून घ्यायचा आहे. आणि देवबागला संगमावर ओहोटीच्या वेळी चुकूनही पाणी टाळू नका, तेव्हा समुद्र आणि नदी दोघंही एकाच दिशेला खेचत असतात.

राहिली गाडी. वाहनबंदीचा फलक ओलांडून आत या. पौर्णिमेला साडेपाचला ओहोटी, तेव्हा किनारा अंगणासारखा रुंद आणि कडक. सूर्य मावळतो सातच्या थोडं आधी. म्हणजे तुम्ही ड्रोन उडवून फोटोला उभे राहता तेव्हा पाणी परत फिरून दीड तास झालेला असतो, पण पहिल्या तासात ते चढतं जेमतेम बारावा भाग, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. दुसऱ्या तासात दोन भाग. तिसऱ्यात तीन, चौथ्यात तीन. म्हणजे अंधार पडला रे पडला, की पाण्याला सगळ्यात घाई होते. सपाट किनाऱ्यावर पाणी मीटरभर चढलं, तर चाळीस-पन्नास मीटर आत येतं.

गाडी फोर बाय फोर दिसते, पण दिसते एवढंच. ओढतात पुढचीच दोन चाकं. एक लाट टायरला शिवून गेली की परत जाताना खालची वाळू घेऊन जाते. चाक जरा बसलं की ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा. चाक फिरेल, खड्डा होईल, अर्ध्या मिनिटात गाडीचं पोट वाळूला टेकेल. टायरमधली हवा बत्तीस-तेहतीसवरून पंधरा-अठरावर आणून, चाकांपुढची वाळू हातांनी उकरून, खाली पायपुसणी सारून, चाकं सरळ ठेवून दुसऱ्या गिअरमध्ये हलकेच काढली, तर पुष्कळदा गाडी निघते. पण हवा पुन्हा भरायची कुठे? त्यापेक्षा सगळ्यांनी मागून ढकला, म्हणजे उडालेली वाळू वाटून घेता येईल. ओढायचा हूक टूलकिटमध्ये जॅकशेजारी असतो आणि बंपरवरचं छोटं झाकण काढून पिळून बसवायचा असतो, हे वाचायला मॅन्युअल उघडावं लागतं. तुम्ही दोर बंपरलाच बांधा. बंपर नक्की बाहेर येईल.

ट्रॅक्टरवाल्याला लगेच बोलावू नका. त्याचा दर पाण्याबरोबर चढतो: टायर बुडायच्या आत एक, दारापर्यंत दुसरा, बॉनेटवर लाट आली की तिसरा, आणि घासाघीस करता करता तुम्ही पहिल्या दरावरून तिसऱ्यावर पोहोचता. पाणी आत शिरल्यावर बटण दाबून इंजिन चालू होतं का ते पाहा. इंजिनात शिरलेलं पाणी दाबलं जात नाही, पिस्टनचा दांडा वाकतो, आणि साध्या विमा पॉलिसीत हे नुकसान बसत नाही. इंजिनासाठीचं वेगळं संरक्षण तुम्ही चारचौघांसारखं ‘काय गरज आहे’ म्हणून काढून टाकलेलं आहे. सर्व्हेअरने विचारलं, पाणी गेल्यावर स्टार्ट केली होती का, तर खरं सांगा, तीनदा.

आणि गाडी शनिवारी निघालीच, तर रविवारी पुन्हा त्याच जागी त्याच पाण्यात रुतवता येईल. फक्त रूमवरून पन्नास मिनिटं उशिरा निघा. ओहोटी रोज तेवढी पुढे जाते.