पिंपात १२०० अंश मिळत नाहीत

लोखंडी पिंपाला खालून भोके वाढवा, लाकूड दुप्पट भरा आणि ब्लोअर लावा, म्हणजे भट्टी न बांधताच १२०० अंश सेल्सिअसला स्टोनवेअर (फार वरच्या तापमानाला भाजलेली घट्ट, टणक भांडी) भाजून निघते, हा सल्ला हौशी मातीकाम करणाऱ्यांमध्ये फार फिरतो आहे. त्यातला तापमान काहीसे वाढते एवढाच भाग खरा आहे.

हवा वाढली की सरपण जोरात जळते, हे बरोबर. परंतु हवेतला सुमारे ७८ टक्के नायट्रोजन जळत नाही, तो नुसता तापतो आणि उष्णता घेऊन वर निघून जातो. म्हणून ज्वलनाला लागते त्याहून फार अधिक हवा शिरली, तर आतली आच उलट उतरते. ब्लोअरचा झोत पडतो तिथे लोहाराच्या भात्यापुढे असतो तसा निखारा रसरसतो खरा, पण वीतभर अंतरावरचे भांडे त्या मानाने थंड राहते आणि असमान तापण्याने तडकते.

दुप्पट लाकडाचा युक्तिवाद तर मुळातच चुकतो, कारण प्रश्न किती जाळले याचा नसून किती उष्णता आत टिकली याचा आहे. पिंपाचा पत्रा जेमतेम एक मिलिमीटर जाड असतो. तापलेल्या पृष्ठभागातून किरणांवाटे जाणारी उष्णता निरपेक्ष (केल्विनमधल्या) तापमानाच्या चौथ्या घाताने वाढते; ८०० वरून १२०० अंशांवर जाताना ती सुमारे साडेतीनपट होते. साध्या पिंपातली भाजणी सहसा ६०० ते ९०० अंशांदरम्यान थबकते ती यामुळेच. पिंप बाहेरून लाल झाल्याची छायाचित्रे पुरावा म्हणून दाखवली जातात. तो लाल रंग उष्णता बाहेर चालल्याची खूण आहे, आणि त्या तापमानाला साध्या पोलादाचे पापुद्रे सुटू लागतात. (जस्ताचा मुलामा दिलेले पिंप तर वापरूच नये, त्याचा धूर अपायकारक असतो.) पुरावाच द्यायचा, तर भांड्यांशेजारी ठेवलेला वितळशंकू, म्हणजे ठरावीक आचेला मऊ होऊन वाकणारा छोटा सुळका, वाकलेला दाखवावा.

आतून सिरॅमिक फायबरचे (उष्णता अडवणाऱ्या तंतूंचे) जाड अस्तर लावून गॅसचा बर्नर जोडला, तर तापमान नक्कीच बरेच वर नेता येते. पण मग पिंप नुसते कवच उरते, आणि भट्टी न बांधण्याचा मूळ दावाच गळून पडतो.

शिवाय पिंपात भाजतात ते भुशाच्या धुराने उमटणाऱ्या काळ्या-करड्या छटांसाठी. भांडी बहुधा आधीच भट्टीत हजारेक अंशांपर्यंत भाजून घेतलेली असतात, त्यामुळे त्यांची मजबुती पिंपावर अवलंबून नसते. भरपूर हवा देऊन आच वाढवली, तर मातीत मुरलेला कार्बन जळून जातो आणि ज्या काळ्या रंगासाठी एवढा खटाटोप केला, तोच आधी नाहीसा होतो.