टॅप तुटला तर तुटू दे

मागच्या शनिवारी शाळेच्या लॅबमध्ये नववीतल्या एका मुलीच्या हातून एम-फोरचा टॅप, म्हणजे चार मिलिमीटरच्या बोल्टसाठी भोकात आटे पाडायचं हत्यार, तुटला. ॲल्युमिनियमच्या पट्टीला आटे पाडत होती. टॅप अर्धा आत, अर्धा बाहेर. हँडल तसंच हातात धरून ती माझ्याकडे बघत राहिली, डोळे भरलेले. तेवढ्यात शेजारचा मुलगा पुढे झाला. "सरक, मी करतो."

त्याच्या मनात वाईट काही नव्हतं, मदतच करत होता. तरी मी त्याला थांबवलं. हे 'सरक' मी कॉलेजात ऐकलंय आणि त्याचं पुढे काय होतं ते मला पुरतं ठाऊक आहे.

२००८ साली आशिया-पॅसिफिकची रोबोकॉन, म्हणजे कॉलेजच्या मुलांनी बनवलेल्या रोबोंची स्पर्धा, पुण्यात झाली, बालेवाडीला. त्या वर्षीचा विषय गोविंदाचा, म्हणजे रोबोंनी चक्क लोण्यासाठी झटापट करायची. मी तेव्हा मेकॅनिकलच्या दुसऱ्या वर्षाला. घसा बसेपर्यंत ओरडले आणि परत आल्यावर पहिलं काम केलं ते कॉलेजच्या टीममध्ये नाव देण्याचं.

टीममध्ये घेतलं, अगदी आनंदाने घेतलं. पहिल्याच महिन्यात ड्रिलिंग करताना माझ्याकडून एक बिट मोडला. "सरक." मग कुणीतरी म्हणालं, तुझं अक्षर छान आहे, रिपोर्ट तू लिही. मग स्पॉन्सरची पत्रं, मग टीशर्टची मापं, मग पीपीटी. मला कुणीही हाकललं नाही. वर्षभर मी टीममध्येच होते, फक्त मशीनपासून चार हात लांब. त्याच वर्षात मुलांनी किती बिट मोडले आणि किती मोटर ड्रायव्हर (मोटर चालवणारी सर्किटं) जाळले याची मोजदाद नाही. त्यातूनच ते शिकले, आणि ते बरोबरच आहे, हातातलं काम असंच येतं. माझ्या नावावर मात्र एकच बिट होता आणि तो सगळ्यांच्या लक्षात होता.

तिसऱ्या वर्षी भांडून ग्रिपर, म्हणजे रोबोचा वस्तू पकडणारा पंजा, मागून घेतला. चार महिने खपून बनवला. पण वर्कशॉप मोकळं मिळायचं संध्याकाळनंतर आणि आमच्या होस्टेलचं गेट बंद व्हायचं साडेआठला. मुलांच्या होस्टेलला गेट होतं, वेळ नव्हती. स्पर्धेला निघायच्या आदल्या रात्री मोटर ड्रायव्हर जळला. मुलांनी रात्रभर जागून सगळं नव्याने जोडलं. सकाळी गेले तर माझ्याच ग्रिपरची वायरिंग मला ओळखू येईना. मैदानात तो अडकला तेव्हा कुठली वायर कुठे जाते हे मला सांगता आलं नाही. इतकी वर्षं झाली, अजून ते आठवलं की पोटात कालवतं.

म्हणून 'मुलींना प्रोत्साहन द्या' एवढ्यावर माझं समाधान होत नाही. आपल्या राज्याने २०२४ पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी घरांतल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण आणि परीक्षा फी पूर्ण माफ केली. फार मोठी गोष्ट आहे. माझ्या ओळखीतल्या एका काकूंनी मुलीसाठी केलेली कर्जाची तयारी त्यामुळे थांबली. पण फी माफ झाली की मुलगी कॉलेजात पोचते. वर्कशॉपची किल्ली तिला वेगळी द्यावी लागते.

ती द्यायची म्हणजे काय, तर रात्री काम चालणार असेल तर होस्टेलपर्यंत सोडायला गाडी. वर्कशॉपच्या इमारतीत मुलींचं स्वच्छतागृह, कुलूप न लावलेलं. आणि रेक्टर मॅडमना दर वेळी हातापाया पडून परवानगी मागावी लागू नये. सुरक्षिततेचं कारण सांगून मुलींना होस्टेलात मुलांपेक्षा जाचक, भेदभावाचे नियम लावू नयेत, हे यूजीसीच्या २०१५ च्या नियमावलीत लिहिलेलं आहे. किती प्राचार्यांनी ते वाचलंय, विचारून बघा.

कर्वेनगरला महर्षी कर्वे संस्थेचं कमिन्स कॉलेज १९९१ पासून फक्त मुलींना इंजिनिअरिंग शिकवतंय. तिथे मशीनवर मुलगी उभी राहील का, हा प्रश्नच निघत नाही, कारण वर्गात दुसरं कुणी नसतंच. मुलींना सगळीकडे वेगळं बसवा असं मी म्हणत नाही. मिश्र टीममध्येही हे जमतं, पण आपोआप जमत नाही. आमच्या लॅबमध्ये आता नियम आहे: ज्याचा पार्ट, त्यानेच तो पूर्ण करायचा. बाकीच्यांनी तोंडाने सांगायचं, हात लावायचा नाही. रिपोर्ट लिहिण्याची पाळी सगळ्यांना.

आता शनिवारचं राहिलं. बाहेर राहिलेला तुकडा पक्कडीत धरून तिनेच हळूहळू उलटा फिरवला. निघायला वीस मिनिटं लागली. मग शेजारी तीन पूर्णांक तीन मिलिमीटरचं नवं भोक पाडलं, केरोसिनचे दोन थेंब सोडले. अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे, परत पुढे. तो मुलगा बाजूला उभा राहून "मागे घे, मागे घे" सांगत होता, हात खिशात घालून. शेवटी बोल्ट नुसत्या बोटांनी डोक्यापर्यंत आत गेला. तिने तो काढला, परत लावला, परत काढला. असं सहा-सात वेळा.

चाकण-भोसरीत टूलरूमला असणाऱ्या मित्रमैत्रिणींनो, एम-थ्री आणि एम-फोरचे टॅप, अडीच आणि तीन पूर्णांक तीनचे ड्रिल बिट जादा पडले असतील तर मला मेसेज करा. मी स्वतः येऊन घेऊन जाईन. वर्षाला तीस-चाळीस तरी लागतील, कारण यंदा लॅबमध्ये अकरा मुली आहेत आणि अजून सगळ्यांचे तुटायचे आहेत.