मावा, मगर आणि मी
वांग्याच्या रोपाला पहिलं फूल आलं तेव्हा मी त्याचे चारही बाजूंनी फोटो काढले. रात्री ते मोठे करून न्याहाळताना दिसलं, फुलामागच्या पानाखाली मावा नावाची कीड बसलीय. कौतुकाला मी पोचण्याआधीच पंगत बसली होती.

"औषध मार एकदाचं," शेजारचे काका म्हणाले. पण भाजी पिकवीन तर सेंद्रियच, अशी प्रतिज्ञा मी चारचौघांत करून बसलो होतो. प्रतिज्ञा मनातल्या मनात करावी, मोडायला सोपी जाते.

मावा हा हरण्यासाठी जन्मलेला प्राणीच नाही. हवा मानवली की मादीला नर लागत नाही. अंडी घालण्यातही ती वेळ दवडत नाही, थेट पिल्लंच घालते, आणि त्या पिल्लांच्या पोटात पुढची पिढी तयार असते. एक किडा चिरडला की बोटाखाली आजी, आई आणि नात! वर मुंग्यांचा पहारा. माव्याच्या अंगातून गोड चिकटा पाझरतो, त्यासाठी मुंग्या त्याला गुरांसारखा राखतात. माझ्या कुंडीत भरभराटीचा दुधाचा धंदा चालू होता. चारा तेवढा माझा.

मग कडुनिंबाचं तेल आलं. लिटरभर पाण्याला 5 मिली. त्यात दोन-चार थेंब पातळ साबण घालायचा असतो, नाहीतर तेल पाण्यात मिसळत नाही, हे मला नंतर कळलं. तेल वर तरंगत राहिलं, पंपाची नळी तळाशी. अर्धा तास मी झाडांना निव्वळ आंघोळ घातली आणि उरलेलं सगळं तेल शेवटच्या मिरचीला पाजलं. तेही भर दुपारी. फवारायचं असतं संध्याकाळी. उन्हात तेलातला अर्क लवकर निकामी होतो आणि पानं भाजतात ती वेगळीच. शिवाय कडुनिंबाने कीड जागच्या जागी मरत नाही. तिचं खाणं सुटतं, कात टाकणं अडतं. त्या वासाने माझं खाणं मात्र पहिल्याच रात्री सुटलं.

अशातच नवा शत्रू दिसला. काळपट, लांबोडका, सहा पायांचा, पाठीवर नारिंगी ठिपके. हुबेहूब इवलीशी मगर. चेहऱ्यावरूनच गुंड! चिमट्याने एकेक उचलून मी साबणाच्या पाण्यात टाकू लागलो. तीन दिवसांत 19 मगरी. विसावी लेकीला अभिमानाने दाखवली.

"बाबा, ही ढालकिड्याची, म्हणजे त्या ठिपकेवाल्या लेडीबर्डची अळी आहे. ही मावा खाते. मोठी होईपर्यंत शेकड्यांनी."

विसावीला मी स्वतःच्या हाताने पानावर नेऊन ठेवलं. ती माझ्याकडे पाठ करून चालू लागली. बरोबरच होतं तिचं.

प्रायश्चित्त घ्यायचं ठरवलं. चार दिवसांनी कुंपणापाशी ठिपकेवाले तांबूस किडे दिसले. एकेक करून तळहातावर घेतले आणि मानाने वांग्यावर आणून सोडले. आठवड्याभरात पानांखाली पिवळ्या अंड्यांचे पुंजके दिसले, तेव्हा तर आजोबा झाल्यासारखं वाटलं. आल्यागेल्याला दाखवले. तोवर पानांची पार जाळी झाली होती, ते मी माव्याच्या खात्यावर मांडत होतो.

लेक भिंग घेऊन आली. "अंगाला चमक नाही, बारीक लव आहे. बाबा, हा एपिलॅक्ना. ढालकिड्यांच्याच कुळातला, पण शाकाहारी. वांग्याची पानं खरवडून खातो. ठिपके मोजा."

मोजले. एकदा चुकले, पुन्हा मोजले. अठ्ठावीस.

आता रोज संध्याकाळी मी भिंग घेऊन वांग्यापाशी उकिडवा बसतो. काका वरून विचारतात, "काय रे, काय शोधतोयस?" मी बोट वर करून त्यांना गप्प बसवतो, कारण मधेच बोललं की मोजणी चुकते. काल चौदापर्यंत पोचलो होतो, तेवढ्यात उडाला.