बेटावर निघालात? किल्ली शेजाऱ्याकडे द्या

नवरा-बायकोनं मिळून साहसी सहल काढायची तर अंदमानचीच काढावी, राजेहो. चिखलदऱ्याला काय, कोणीही जातो. भीमकुंडात डोकावलं, भाजलेलं कणीस खाल्लं, संध्याकाळी घरी. त्यात साहस कुठं आलं? चहूकडून समुद्र पाहिजे, विमान बदलावं लागलं पाहिजे, आणि मुख्य म्हणजे गावातल्या कोणाला मागून येऊन आपल्याला गाठता आलं नाही पाहिजे. चेन्नईपासून तेराशे-चौदाशे किलोमीटर समुद्रात असलेली जागा यासाठी उत्तम.

आमच्या शेजारचं जोडपं नुकतंच तिथून परतलं. त्यांच्या अनुभवावरून, आणि त्याहून जास्त माझ्या अनुभवावरून, पुढं जाणाऱ्यांसाठी चार गोष्टी सांगून ठेवतो.

महिना डिसेंबर धरावा. तिकडं हवा छान असते, समुद्र शांत असतो. इकडं नेमकी कापसाची वेचणी असते, तुरी कापायला येतात, हरभरा पाणी मागतो. पण पिकाला काही पाय फुटत नाहीत. आणि शेजारी असतोच.

कपडे दोघांनी एकाच रंगाचे घ्यावेत. कारण विचारू नये.

श्री विजयपुरमहून, म्हणजे २०२४ पर्यंतच्या पोर्ट ब्लेअरहून, हॅवलॉकला बोटीनं जावं लागतं. निघण्याआधी पुऱ्या आणि आलूची भाजी पोटभर खाऊन घ्यावी. पुढचं समुद्र पाहून घेतो.

स्कूबा करावंच. विहिरीत पाय सोडून बसायला घाबरणाऱ्यालाही नेतात. प्रशिक्षक पाठीमागून टाकी धरतो आणि जास्तीत जास्त १२ मीटर खाली फिरवून आणतो. गावात सांगताना प्रशिक्षक गाळावा. फक्त एक ध्यानात ठेवा: पाण्याखाली अंगठा वर केला की त्याचा अर्थ ‘मला वर न्या’ असा होतो. ‘झकास’ म्हणायचं असेल तर अंगठा आणि तर्जनी जोडून गोल करायचा असतो. आमच्या शेजारच्या भाऊंनी फोटोसाठी ऐटीत अंगठा दाखवला आणि प्रशिक्षकानं इमानदारीनं त्यांना वर आणून सोडलं. पुन्हा खाली, पुन्हा अंगठा, पुन्हा वर. वहिनी खाली शांतपणे मासे पाहत राहिल्या. हा भाग व्हिडिओत नाही. वहिनींनी आमच्या घरी चहा पिता पिता सांगितला, आणि या सगळ्या प्रकरणात मला मिळालेला आनंद तेवढाच.

स्कूबा केल्यावर लगेच विमानात बसू नये. अंगात मुरलेला नायट्रोजन हळूहळू बाहेर पडतो, तो पडायच्या आत वर उडालं तर त्रास होतो, म्हणून एकापेक्षा जास्त बुड्या मारल्या असतील तर किमान १८ तास थांबायला सांगतात. मुक्काम वाढवायला याच्यासारखं कारण नाही. ‘डॉक्टरी कारण आहे बावा, इलाज नाही,’ असं फोनवर सांगता येतं. १८ तासांचे दोन दिवस कसे झाले, हे शेजाऱ्यानं विचारू नये.

हॅवलॉकचा राधानगर किनारा ‘टाइम’ मासिकानं २००४ मध्ये आशियातला सर्वोत्तम ठरवला होता. २०१० मध्ये त्याच बेटावर एका अमेरिकन पर्यटक बाईचा मगरीनं जीव घेतला. म्हणून तिकडं मगरीच्या पाट्या आहेत. पाटीला टेकून फोटो काढावा.

सेल्युलर जेलला अर्धा तास पुरे. इमारत १९०६ मध्ये बांधून झाली, तेव्हा तिच्या ७ शाखा होत्या, आता ३ उरल्या आहेत. माणसाला बैलाच्या जागी जुंपून दिवसाला ३० पौंड तेल काढायला लावत. त्या कोलूचा नमुना तिथं पाहायला मिळतो. भाऊंनी त्याच्याजवळ कंबर वाकवून फोटो काढला, खाली ‘लग्नानंतरचा नवरा’ असं लिहिलं आणि स्टेटसवर टाकला. गावातून हसणाऱ्या चेहऱ्यांचा पाऊस पडला. मी काही पाठवलं नाही. आपण मागासलेले.

आता जंगल. बाराटांग बेटावरच्या चुनखडीच्या गुहा पाहायच्या तर जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून रस्ता जातो. गाड्या ताफ्यानं सोडतात. वाटेत थांबायचं नाही, कोणाला खायला द्यायचं नाही, फोटो काढायचा नाही. आदिवासींच्या रक्षणाचा नियम १९५६ पासून आहे. २००२ मध्ये तर सर्वोच्च न्यायालयानं त्या जंगलातला रस्ताच बंद करायला सांगितला होता. तरी गाड्या चालू आहेत, म्हणजे आपला मोबाइलही काचेला टेकवून चालू ठेवायला हरकत नसावी. भाऊंनी ठेवला. घरी बोलावून आम्हाला दाखवला. झाडं, झाडं, झाडं, मग रस्त्याच्या कडेला एक पोरगं, पुन्हा झाडं. ‘दिसलं का? दिसलं का? थांबा, मागं घेतो.’ १९९९ मध्ये त्या लोकांमध्ये गोवराची साथ आली होती. बाहेरच्यांजवळ येऊन त्यांना तेव्हा जेमतेम दोन वर्षं झाली होती. हे मी म्हटलं, तर भाऊ म्हणाले, ‘आपण तर काच लावूनच होतो.’ मेळघाटात कोरकूंच्या लेकरांसमोर गाडीतून बिस्किटाचे पुडे फेकणारे पाहिले की याच भाऊंचं डोकं तापतं. कारण तिथं फेकणारे दुसरे असतात.

आठवण म्हणून प्रवाळाचा तुकडा आणावा. किनाऱ्यावर पडलेला, मेलेला असला तरी तो आणणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात गुन्हा आहे. काही जाती वर्षाला जेमतेम एखादा सेंटिमीटर वाढतात. म्हणून असा मुद्देमाल आपल्या घरी ठेवू नये. शेजाऱ्याच्या पोराला भेट द्यावा. सध्या तो आमच्या टीव्हीजवळ आहे, आणि गल्लीत खाकी कपडा दिसला की आमची मंडळी त्याच्यावर रुमाल टाकते.

आणि किल्ली. किल्ली नेहमी शेजाऱ्याकडे द्यावी, आणि कामं एकदम सांगू नयेत. आधी ‘तुळशीला पाणी घाल’ म्हणावं. मग ‘गाय तेवढी पाहून घे’. मग ‘हरभऱ्याला एक ओलीत दे ना बावा’. आणि ऑटोत एक पाय ठेवल्यावर, दुसरा अजून जमिनीवर असताना, ‘हो, आणि मायच्या गोळ्या आलमारीत आहेत’.

ओलिताचं मी लांबवत नाही. शेतातल्या मोटारीची थ्री फेज लाइन कोणत्या वेळी असते ते तुम्हाला ठाऊक आहे. थंडी कशी होती तेही ठाऊक आहे. बॅटरी दातात धरून फ्यूज बदलला, रोही हाकलले, पाण्याची बारी मोडायला चिखलात उतरलो. दम खायला धुऱ्यावर बसलो तेव्हा मोबाइल उघडला. दोघं काचेचा टोप घालून समुद्राच्या तळावर चालताहेत. खाली लिहिलेलं: ‘भीती? ती काय असते?’

तरी ते चालून गेलं असतं. वावराचं काम आहे, शेजारधर्म आहे, उद्या आपल्यालाही गरज पडते.

पण माय. कोणती गोळी कधी, हे कोणी सांगितलं नव्हतं. आलमारीत तीन डबे, त्यातल्या एकातल्या गोळ्यांची मुदत संपलेली. उपाशीपोटीची कोणती, जेवणानंतरची कोणती? विचारायला फोन लावला तर बंद. बुढीला तरी काय विचारायचं, ती म्हणे, ‘पांढरी आहे एक.’ सगळ्याच पांढऱ्या! आमच्या घरचीनं दोन्ही वेळचा डबा नेऊन दिला. माय दोन घास खायची आणि दरवाज्याकडे पाहायची. ‘त्यायचा फोन आला का रे बाबू?’ मी म्हणायचो, आला होता, तुझी तब्येत विचारत होते. आयुष्यात इतकं खोटं मी पीककर्जाच्या कागदावरही बोललो नाही.

मग एका रात्री तिला ताप भरला. श्वास लागला. फोन लावला, बंद. वहिनींचा लावला, वाजला आणि कापला गेला. ऑटोवाल्याला झोपेतून उठवलं, मायला गोधडीत गुंडाळून तालुक्याला नेलं, रात्रभर दवाखान्याच्या बाकड्यावर बसलो. कागदावर ‘नातं’ असं विचारलं होतं. काय लिहायचं? मुलगा लिहिलं. पहाटे भाऊंचा मेसेज आला: सूर्योदयाचा फोटो, खाली दोन हृदयं. फोटो माझ्यासाठी नव्हता, सगळ्यांनाच गेला होता.

परतल्यावर म्हणतात, ‘तिकडं नेटवर्कच नसतं ना बावा.’

नसतं? चेन्नईपासून समुद्राच्या तळातून २,३०० किलोमीटरची केबल टाकली आहे. ऑगस्ट २०२० मध्ये ती सुरू झाली, हॅवलॉकपर्यंत गेली आहे. त्याच नेटवर्कवर तुझे मासे आले, तुझी मगरीची पाटी आली, तुझा कोलू आला. फक्त मायचा फोन त्यातून जात नव्हता?

आता भाऊबिऊ राहू दे. तू माझ्यापेक्षा लहान आहेस, म्हणून सरळ सांगतो. फिरायला जा. बायकोला घेऊन जा, वहिनींनी आयुष्यभर या गावाची धूळ खाल्ली, त्यांना समुद्र दाखवलास ते बरंच केलंस. त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण जाताना मायची सोय कर. बहीण यवतमाळला आहे, तिला चार दिवस आधी फोन करायला तुला काय झालं होतं? कोणती गोळी कधी, हे एका कागदावर लिहायला किती वेळ लागतो? टी-शर्टावर नाव छापून घ्यायला वेळ होता ना? आणि रात्री त्या घरातून फोन आला, तर तो उचलायचा. समुद्राच्या तळाशी असशील तर वर आल्यावर उचलायचा. अंगठा वर केला की वर आणतातच तुला.

माय अजून खोकते आहे. तिला पुन्हा दाखवायला न्यायचं आहे मंगळवारी, ते तू नेशील. ऑटोचे आणि औषधांचे पैसे राहिलेत, चिठ्ठ्या आमच्या घरचीजवळ आहेत. संध्याकाळी ये, हिशेब कर, आणि जाताना तो तुझा दगड उचलून ने.