आवाजामागे जाऊ नका

एप्रिल जवळ आला की अमेरिकेतल्या नवशिक्या शिकाऱ्यांमध्ये एक संदेश फिरू लागतो. यंदा तो कुणीतरी मराठीत केला आणि तीन वेगवेगळ्या मित्रमंडळींनी मला पाठवला. मी मिसूरीतल्या ओझार्कच्या डोंगरांत दर वसंतात टर्कीच्या शिकारीला जाते, हे त्यांना ठाऊक आहे. संदेश थोडक्यात असा: ‘टर्की मठ्ठ पक्षी, पहिल्याच दिवशी मिळतो. पहाटे नर ओरडला की त्या रोखाने दबकत जा. मादीचा आवाज सतत काढत राहा. आठपर्यंत मिळाला नाही तर घरी या. पिसारा फुलवला की छातीवर नेम धरा. तरीही जमलं नाही तर पिसाऱ्याचा पंखा तोंडापुढे धरून रांगत जा. टर्की भरपूर आहेत, मर्यादा नावापुरती. शेवटी पक्षी खांद्यावर टाका आणि गाडीपर्यंत मिरवत या.’

यातल्या काही सल्ल्यांनी फक्त सकाळ वाया जाईल. पण तीन सल्ले असे आहेत की त्यांनी माणूस मरू शकतो. म्हणून एकेक घेऊन लिहिते.

आधी ‘मठ्ठ पक्षी’. हा समज पाळीव टर्कीवरून आला आहे. थँक्सगिव्हिंगला ताटात येते ती रुंद छातीची टर्की मांसासाठी इतकी जड वाढवलेली असते की तिला उडता येत नाही. तिचं मूळ मेक्सिकोत आहे. तिथल्या लोकांनी हा पक्षी माणसाळवला, स्पॅनिशांनी तो युरोपात नेला आणि पोर्तुगीजांबरोबर तो गोव्यात उतरला. 1612 मध्ये मुकर्रबखानाने गोव्याहून जहांगीर बादशहासाठी आणलेली टर्की उस्ताद मन्सूरने रंगवली. ते चित्र आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. ती टर्की त्याच माणसाळलेल्या वंशातली. ओझार्कच्या ओक आणि हिकरीच्या रानात राहणारा नर वेगळा. आठ ते अकरा किलोचा हा पक्षी ताशी चाळीस किलोमीटरच्या आसपास पळतो, ताशी ऐंशीच्या वर उडतो आणि रात्री उंच झाडावर झोपतो. डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असल्याने मान न वळवता त्याला जवळजवळ सगळीकडचं दिसतं. रंग दिसतात, अतिनील किरणही दिसतात. नाक मात्र कामाचं नाही. म्हणून हरणाच्या शिकारीतली वाऱ्याची काळजी इथे लागत नाही, पण पापणीसुद्धा जपून हलवावी लागते. अंड्यातून बाहेर पडल्यापासून कोल्हा, कोयोटी, बॉबकॅट, घुबड या सगळ्यांनी ज्याला खायला पाहिलं आणि तरीही जो तीन वर्षं जगला, त्याला मठ्ठ म्हणणाऱ्याने तो पाहिलेला नसावा.

आता दुसरा सल्ला: ‘आवाजाच्या रोखाने दबकत जा.’ हे सगळं लिहायला बसले ते मुख्यतः याच्यासाठी.

1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर आपल्याकडे शिकार राहिली नाही. आपल्या पिढीला ती फक्त ऐकीव गोष्टींतून माहीत आहे. त्या गोष्टींत हाका असतो, डबे वाजवत रान उठवलेलं असतं, किंवा मागावर चालत जाणं असतं. त्यामुळे आवाज आला की त्याच्याकडे जायचं, हे आपल्याला साहजिक वाटतं. वसंतातल्या टर्कीचा सगळा डाव उलटा आहे. इथे शिकारी जागा धरून बसतो आणि पक्ष्याला बोलावतो.

पहिल्या वर्षी मीही आवाजामागे गेले होते. टेकडीपलीकडे मादीचा सुरेख ‘येल्प’ चालू होता, चार-पाच सूर, मग शांतता, मग पुन्हा. जिथे मादी तिथे नर येणारच असा विचार करून मी वाकून, झुडपांआडून जवळजवळ पाऊण तास पुढे सरकत राहिले. शेवटच्या झुडपाआडून पाहिलं तेव्हा चाळीसेक पावलांवर एका ओकला टेकून एक माणूस बसला होता. अंगभर पानांच्या रंगाचे कपडे, तोंडावर जाळी, गुडघ्यावर बंदूक, हातात कॉल, म्हणजे टर्कीचा आवाज काढायचं साधन. तो सुरेख आवाज त्याचा होता. आणि ज्या झुडपातून खसखस येत होती त्या झुडपाकडे त्याच्या बंदुकीची नळी वळली होती. मी ओरडले. त्याने बंदूक खाली केली, आणि आम्ही दोघंही बराच वेळ काही बोललो नाही.

वसंतातल्या टर्कीच्या शिकारीतले अपघात बहुतेक असेच घडतात: कुणीतरी आवाजामागे जातो आणि कुणीतरी हालचालीवर गोळी झाडतो. यात शिकारी लपलेला असतो, पक्ष्याचाच आवाज काढत असतो आणि केशरी कपडे सहसा घालत नाही. पेनसिल्व्हेनियाने म्हणूनच वसंतात टर्कीवर चालून जाणंच बेकायदा ठरवलं आहे. तिथे आवाज देऊन बोलावता येतं, एवढंच. तुमच्या राज्यात तसा कायदा नसला तरी स्वतःपुरता तो करून घ्या.

बसायची रीत अशी. आदल्या संध्याकाळी अंधार पडायच्या सुमारास रानाच्या कडेला उभं राहून घुबडाचा घूत्कार काढा. झाडावर चढलेला नर त्या दचक्याने कधी कधी ‘गॉबल’ करतो (नराची ओरड ती हीच) आणि त्याची रात्रीची जागा कळते. पहाटे काळोखातच त्या झाडापासून सव्वाशे-दीडशे यार्डांवर पोचा. त्याहून जवळ गेलात तर तो तुम्हाला पाहील. खांद्यांहून रुंद खोडाला पाठ लावा, म्हणजे मागून येणाऱ्यापासून तुम्ही झाकलेले राहता. अंगावर लाल, पांढरं, निळं काहीही नको, पायमोजा किंवा रुमालसुद्धा नको, कारण नराचं डोकं याच तीन रंगांचं असतं. दुसरा शिकारी येताना दिसला तर हात हलवू नका, टर्कीचा आवाज तर मुळीच नको. माणसाच्या मोठ्या, स्पष्ट आवाजात बोला.

जागा निवडताना एक गोष्ट बघा: तो दिसेल तेव्हा टप्प्यात असला पाहिजे. मोकळ्या माळाकडे तोंड करून बसलात तर तो दोनशे यार्डांवरून माळ न्याहाळतो, मादी दिसत नाही आणि तिथेच थांबतो. टेकडीचा माथा किंवा जुन्या गाडीवाटेचं वळण तुमच्यापासून तीस यार्डांवर असेल, तर मादी बघायला त्याला तिथवर यावंच लागतं. मध्ये ओढा किंवा तारेचं कुंपण नको. उडणारा पक्षी असूनही ऐन वेळी तो तिथे अडतो, हे मी इतक्यांदा पाहिलं आहे की आता आदल्या दिवशी दुपारी जाऊन कुंपणं कुठे आहेत ते बघून येते.

‘सतत आवाज काढत राहा’ या सल्ल्याने माणूस मरत नाही, पण शिकार हमखास हुकते. त्यामागचं कारण पक्ष्याच्या रीतीत आहे. रानात नर ओरडतो, पिसारा फुलवून उभा राहतो आणि मादी त्याच्याकडे जाते. आपण त्याच्याकडून नेमकं उलटं मागतो: तू ये. तुम्ही दर मिनिटाला उत्तर देत राहिलात की त्याला वाटतं, ही तर निघालीच आहे, आपण उभं राहावं. मग तो ऐंशी यार्डांवर तासभर गॉबल करत राहतो आणि नवशिक्याला वाटतं, काय रंगलंय! खरं तर तिथेच डाव बिघडलेला असतो.

ज्यांच्या शेतावर मी शिकले ते म्हातारबाबा सकाळभरात बॉक्स कॉल, म्हणजे लाकडी डबीचा कॉल, पाच-सहा वेळा वाजवत. नर झाडावर असताना झोपेतून उठल्यासारखे तीन हलके सूर. त्याने उत्तर दिलं की गप्प. तो खाली उतरल्याचा पंखांचा आवाज आला की एक साधा येल्प. तो जवळ यायला लागला की कॉल जमिनीवर ठेवून द्यायचा आणि बोटांनी वाळलेली पानं उकरायची: दोनदा, थांबून एकदा. चरणाऱ्या मादीच्या पायांचा तोच आवाज. त्यानंतर काही करायचं नाही. गॉबल बंद झालं म्हणून निराश होऊन उठू नका, कारण गप्प झालेला नर बहुतेक वेळा चालत असतो. मी उठून उभी राहिल्यामुळे पळालेले नर आठवले की अजून चुटपुट लागते.

स्लेट, बॉक्स, तोंडातला पडद्याचा कॉल यांतलं काय घ्यावं, हा वाद मला फारसा महत्त्वाचा वाटत नाही. एकच घ्या आणि त्यावर साधा येल्प आणि ‘क्लक’, म्हणजे एकच छोटा सूर, नीट बसवा. तोंडातल्या कॉलने दोन्ही हात मोकळे राहतात, एवढा त्याचा फायदा. फोनवरून आवाज वाजवू नका, मिसूरीसह बहुतेक राज्यांत तो गुन्हा आहे. आणि ‘पट्’ असा एकच तुटक आवाज ऐकू आला तर समजा, त्याने तुम्हाला पाहिलं.

‘आठला घरी या’ हे तर सोडूनच द्या. हंगामाच्या सुरुवातीला पहाटे नराभोवती खऱ्या माद्या असतात, त्यांना सोडून तो तुमच्या कॉलमधल्या मादीकडे का येईल? माद्या दिवसाला एक याप्रमाणे दहा-बारा अंडी घालतात आणि त्यासाठी सकाळ चढल्यावर घरट्याकडे निघून जातात. नऊ-दहाच्या पुढे नर एकटा पडतो. त्या वेळी रानात माणसं कमी असतात आणि उत्तर देणारा नर सरळ येतो. मिसूरीत सार्वजनिक जमिनीवर दुपारी एकपर्यंत परवानगी असते. पोळी-भाजीचा डबा बरोबर न्या आणि एकपर्यंत बसा.

‘पिसारा फुलवला की छातीवर नेम’ वाचून मला खरंच वाईट वाटलं. शॉटगनचे छर्रे त्या जाड पिसांतून आणि छातीच्या स्नायूतून नीट आत जात नाहीत. पक्षी जखमी होऊन पळतो आणि कुठेतरी दोन दिवसांनी मरतो. नेम मानेच्या बुडाशी, जिथे पिसं संपून लाल कातडी सुरू होते तिथे धरायचा. पिसारा फुललेला असताना ती मान आत ओढलेली असते, म्हणून थांबायचं. एक क्लक दिला की तो पिसारा मिटून मान उंच करतो. तो क्षण तुमचा. चाळीस यार्डांच्या पलीकडे बंदूक उचलू नका, आणि हंगामाआधी कागदावर झाडून बघा की तुमच्या बंदुकीचे छर्रे त्या अंतरावर किती पसरतात. मिसूरीत नर किंवा छातीवर केसांसारख्या पिसांची ‘दाढी’ दिसणारा पक्षी चालतो. काही माद्यांनाही दाढी असते, कायद्याने त्या मारता येतात. मी मारत नाही. तिच्यामागे घरट्यात अंडी असू शकतात.

पंखा तोंडापुढे धरून रांगण्याला इथे ‘फॅनिंग’ म्हणतात. नराला दुसरा नर वाटतो आणि तो अंगावर येतो, हे खरं आहे. पण दुसऱ्या शिकाऱ्यालाही तो नरच वाटतो! दुसऱ्या सल्ल्यातला धोका इथे दुप्पट होतो, कारण तुम्ही स्वतःच लक्ष्याचं चित्र हातात धरून हलता आहात. सार्वजनिक रानात हे कधीही करू नका. खासगी जमिनीवरही मी करत नाही, कारण कुंपण ओलांडून कोण आलं आहे हे मला कळणार नाही.

‘टर्की भरपूर आहेत’ हे म्हणणाऱ्याने मागचं शतक पाहावं. बेसुमार शिकार आणि जंगलतोड यांनी अमेरिकेतून टर्की जवळजवळ संपत आली होती. मिसूरीने 1937 मध्ये शिकार बंद केली. आधी पिंजऱ्यात वाढवलेले पक्षी सोडून पाहिले, ते रानात टिकले नाहीत. मग 1954 पासून पेक रँचसारख्या मिसूरीतल्या राखीव रानांत उरलेले रानटी पक्षी जाळी टाकून पकडले आणि राज्यभर नेऊन सोडले. 1960 मध्ये पहिला नवा हंगाम उघडला तो तीन दिवसांचा, 14 काउंट्यांत, आणि त्यात 94 पक्षी मारले गेले. आजचा तीन आठवड्यांचा हंगाम त्या धीराचं फळ आहे. आता पुन्हा कित्येक राज्यांत पिल्लं कमी जगताना दिसतात, म्हणून टेनेसीसारख्या राज्यांनी हंगाम पुढे ढकलला आणि मर्यादा उतरवली. मिसूरीत वसंतभरात दोन पक्षी, पहिल्या आठवड्यात एकच. ही मर्यादा नावापुरती समजणाऱ्याबरोबर मी रानात जाणार नाही.

राहिला शेवटचा सल्ला, पक्षी खांद्यावर टाकून मिरवत येण्याचा. झाडांमधून बघणाऱ्याला त्या वेळी काय दिसेल? टर्कीचं लोंबणारं लाल डोकं, उघडणारा पंख, चालण्याबरोबर हलणारा पिसारा. तुम्ही त्याला दिसणारही नाही. माझ्या पिशवीत एक मोठं भडक केशरी कापड असतं. पक्षी त्यात डोक्यापासून शेपटीपर्यंत गुंडाळते, टोकं बांधते, डोक्यावर केशरी टोपी घालते. डिकॉय, म्हणजे आमिषाला ठेवायची नकली टर्की, असेल तर तोही पिशवीत पूर्ण झाकून, कारण नकली मादीलाही डोकं असतं. मग मोठ्याने गाणं म्हणत गाडीपर्यंत येते. पक्ष्याची नोंद त्याच रात्री दहाच्या आत राज्याच्या संवर्धन खात्याकडे करायची असते. ती झाली की पिसं काढायला बसते.