‘तळाचे तीन काढा’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

‘चॅम्पियन फुटबॉल संघांकडून शिका, जिंकणारी टीम कशी बांधावी’ असा एक मेसेज सध्या सगळीकडे फिरतोय. त्यात चार सूत्रं आहेत. एक, स्टार गोळा करा, ट्रॉफी आपोआप येते. दोन, जिंकणारे अकरा कधी बदलू नका, बेंच (राखीव खेळाडू) म्हणजे नुसती भरती. तीन, दर हंगामाच्या शेवटी तळाचे तीन खेळाडू निर्दयपणे काढा. चार, पैसा लागत नाही, जिद्द लागते. इंग्लंडचा लेस्टर सिटी क्लब बघा.

असले मेसेज मी एरवी सोडून देतो. पण माझा भाचा तेरा वर्षांखालच्या मुलांची टीम सांभाळतो. हे वाचून त्याने गोल आणि असिस्ट (गोलआधीचा शेवटचा पास) मोजून यादी केली आणि तळाच्या तिघांना पुढच्या हंगामात घ्यायचं नाही असं ठरवूनही टाकलं. मुलांना अजून सांगितलेलं नाही, म्हणून घाईने लिहितोय, आणि सुरुवात तिसऱ्या सूत्रापासूनच करतोय.

मेसेजवाल्याने लेस्टरचं नाव घेतलंच आहे, तर हिशोब लेस्टरचाच करू. 2015-16 ला प्रीमियर लीग, म्हणजे इंग्लंडची सर्वोच्च लीग, जिंकताना लेस्टरच्या जेमी वार्डीने 24 गोल मारले, त्यात सलग 11 सामन्यांत गोल करण्याचा लीगचा विक्रम. याच वार्डीला सोळाव्या वर्षी शेफिल्ड वेन्सडेने चण लहान म्हणून सोडलं होतं. त्यानंतर कित्येक वर्षं तो खालच्या दर्जाच्या लीगमध्ये खेळला. 2012 ला लेस्टरने त्याला फ्लीटवूड टाउनकडून घेतलं, तर पहिला हंगाम इतका वाईट गेला की फुटबॉलच सोडावं असं त्याच्या मनात आलं. प्रशिक्षकांनी समजूत घालून त्याला थांबवलं. विजेतेपदाच्या आदल्या हंगामात लीगमधले त्याचे गोल होते 34 सामन्यांत 5. तळाचे काढायचा नियम लावला असता, तर हा माणूस 2013 च्या उन्हाळ्यातच घरी गेला असता.

बाकीच्यांचंही तेच. मार्क ऑलब्राइटनला अ‍ॅस्टन व्हिलाने 2014 ला मोकळं केलं होतं. ड्रिंकवॉटर आणि सिम्पसन मँचेस्टर युनायटेडमध्ये वाढले, पण तिथे टिकले नाहीत. दुसऱ्यांनी नको म्हटलेली ही माणसं होती. एप्रिल 2015 च्या सुरुवातीला हा संघ गुणतक्त्यात शेवटचा होता, आणि त्यातलेच बहुतेक जण वर्षभरात चॅम्पियन झाले. मेसेजवाल्याने स्वतःचं उदाहरण तरी नीट वाचायचं होतं.

आणि तळ मोजणार कशावर? विजेतेपदाच्या हंगामात लेस्टरच्याच एन्गोलो कान्तेचा लीगमध्ये गोल एक. टॅकल, म्हणजे समोरच्याच्या पायातून चेंडू काढणं, मात्र 175, लीगमध्ये सर्वांत जास्त. भाच्याच्या यादीत तो खालीच सापडला असता. त्याच्या त्या तिघांतला एक लेफ्ट बॅक आहे. समोरच्याच्या पायातून चेंडू काढायचा आणि जवळच्या मिडफिल्डरला द्यायचा, एवढंच तो करतो. तिथून चेंडू गोलपर्यंत जाईस्तोवर आणखी तिघाचौघांचे पाय लागतात. त्याच्या नावावर असिस्ट येणार कुठून?

मोठे क्लब दर उन्हाळ्यात खेळाडू सोडतात, हे मान्य करावं लागेल. पण ते वय, करार, पगार आणि प्रशिक्षकाला कोणत्या जागेवर कोण हवंय हे बघून. यादीच्या तळापासून तीन मोजून नव्हे. तरीही चुका होतातच. डी ब्रॉयना आणि सालाह, दोघांनाही चेल्सीने जाऊ दिलं. दोघांनीही पुढे दुसऱ्या संघांकडून प्रीमियर लीग जिंकली. पगारी तज्ज्ञांचे अंदाज जर असे फसतात, तर बारा वर्षांच्या मुलाचा निकाल एका हंगामात लावायची घाई कशाला?

आता पहिलं सूत्र. रियाल माद्रिदने 2003 ला स्पेनची लीग जिंकली आणि त्याच उन्हाळ्यात बेकहमला आणून मकेलेलेला चेल्सीला विकलं. पोस्टरवर न दिसणारा, बचावफळीपुढे उभं राहून चेंडू हिसकावणारा खेळाडू गेला. पुढच्या हंगामात झिदान, ब्राझीलचा रोनाल्डो, फिगो, राउल, बेकहम असूनही रियाल चौथे, लीगचे शेवटचे पाचही सामने हरलेले. मकेलेलेसह चेल्सीने 2004-05 ची लीग जिंकली, तीही 38 सामन्यांत फक्त 15 गोल खाऊन. ‘सायकॉलॉजिकल सायन्स’ या नियतकालिकात 2014 ला रॉडेरिक स्वाब आणि सहकाऱ्यांनी नेमकं हेच तपासलं होतं: राष्ट्रीय फुटबॉल संघात अव्वल खेळाडू वाढले की कामगिरी सुधारते, पण एका मर्यादेनंतर घसरते. बेसबॉलमध्ये ही घसरण दिसली नाही, कारण तिथे खेळाडू एकमेकांवर कमी अवलंबून असतात. त्यांच्या बास्केटबॉलच्या निष्कर्षांवर पुढे वाद झाला, पण फुटबॉलपुरतं मला ते पटतं.

दुसऱ्या सूत्रात थोडं तथ्य आहे. लेस्टरने त्या हंगामात अकरा फारसे बदलले नाहीत. पण बेंच म्हणजे भरती? 2014 च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्याआधी वॉर्म-अपमध्ये जर्मनीचा खेदिरा जायबंदी झाला. ऐनवेळी आत आलेल्या क्रामरच्या डोक्याला मार बसला आणि अर्ध्या तासातच त्यालाही बाहेर जावं लागलं. त्याच्या जागी शुर्ले आला. 113व्या मिनिटाला शुर्लेने डावीकडून क्रॉस दिला आणि ग्योट्झेने गोल केला. तो ग्योट्झेही बदलीच.

राहिला पैसा. लेस्टरचा संघ स्वस्तात उभा राहिला, कारण स्टीव्ह वॉल्शसारखी माणसं फ्रान्समधल्या छोट्या क्लबांचे सामने बघून माहरेझ आणि कान्तेला हेरत होती. ते काम नुसत्या जिद्दीने होत नाही. आणि विजेतेपदानंतर चेल्सीने जास्त पैसे मोजून कान्तेला नेलं. 2016-17 ला चेल्सी चॅम्पियन, लेस्टर बारावे, आणि ज्यांनी ट्रॉफी मिळवून दिली त्या प्रशिक्षक रानिएरींना फेब्रुवारीतच नारळ. मेसेजमध्ये लेस्टरची गोष्ट 2016 च्या मे महिन्यातच संपते, हे मला सगळ्यांत जास्त खटकलं.